बांबूची हार्डटेल (मागे सस्पेन्शन नसलेली सायकल): आराखड्यात हेड अँगल (पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या दांडीचा जमिनीशी कोन) ६९ अंश, उभी केल्यावर ६७.५. धागा गुंडाळण्याआधी काय बदलावं?

शहादा_ते_तोरणमाळ

राम राम मंडळी,

बांबूची माउंटन सायकल जिगवर (फ्रेम धरणारा साचा) टॅक करून, म्हणजे नळ्या तात्पुरत्या चिकटवून झाली आहे. सांध्यांवर अजून रेझिनमध्ये भिजवलेला एकही धागा गुंडाळलेला नाही, म्हणून आत्ताच विचारून घेतो. फोर्क आणि चाकं बसवून जमिनीवर उभी केली, तर आराखड्यातला एकही कोन जुळत नाही.

आराखडा असा होता (वजन न देता, फोर्क पूर्ण उघडा): हेड अँगल ६९, सीट अँगल (सीटखालच्या नळीचा कोन) ७३.५, चेनस्टे (बीबीकडून मागच्या चाकाकडे जाणारी खालची नळी) ४३०, बीबी ड्रॉप (बीबी म्हणजे पेडलच्या आसाची जागा, ती चाकांच्या आसांपेक्षा किती खाली) ४८, रीच (बीबी ते हेड ट्यूबचा माथा, आडवं अंतर) ४२०, स्टॅक (तेच उभं अंतर) ६००, दोन चाकांमधलं अंतर ११०६. कोन अंशांत, लांबी मिमीत. हेड ट्यूब (फोर्क जिच्यात फिरतो ती पुढची नळी) ॲल्युमिनियमची, आतून ४४ मिमी, लांबी ११८. चाकं २७.५ × २.२५, टायरसकट त्रिज्या ३४९. फोर्क १०० मिमी ट्रॅव्हलचा (दबण्याचं अंतर) धरला होता, म्हणजे ॲक्सल ते क्राउन (चाकाच्या आसापासून फोर्कच्या माथ्यापर्यंत) ४९० आणि ऑफसेट (फोर्कच्या वळण्याच्या रेषेपासून आस किती पुढे) ४४.

मिळालेला फोर्क १२० मिमीचा आहे, टेपर्ड (दांडी खाली जाड होत जाणारा), ॲक्सल ते क्राउन ५१०. ऑफसेट तोच.

उभी केल्यावर हेड अँगल ६७.५, सीट अँगल ७२ च्या आसपास आणि बीबी जमिनीपासून ३१२ भरते. आराखड्यात ती ३०१ होती.

बांबू (व्यास मिमीत): डाउन ट्यूब (हेडकडून बीबीकडे येणारी) ४२, टॉप ट्यूब (हेडकडून सीटकडे जाणारी वरची) ३६, सीट ट्यूब ३९. चेनस्टे आणि सीटस्टे (सीटकडून मागच्या चाकाकडे उतरणाऱ्या नळ्या) भरीव मानवेल बांबूचे, २० मिमी. चालवणाऱ्याची उंची १७२ सेंमी, पायाची आतली लांबी ८० सेंमी. वापर सातपुड्यातल्या दगडी पायवाटा आणि शेतरस्ते.

१) फोर्क २० मिमीने वाढला की कोन १ अंश पडतो असं सगळे सांगतात. मग इथे दीड कसा पडला?
२) हेड ट्यूब खालून कापून कोन परत ६९ वर आणावा का?
३) मागच्या टायरला दोन्ही बाजूंनी अडीच मिमी जागा उरते, चेनरिंगला (पेडलजवळचं दातेरी चक्र, ३२ दात) दीड. चेनस्टे लांब केले तर भागेल का?

---

लेथ_आणि_कानस (जळगाव)

भाऊ, हिशोब बरोबर लागतो. फोर्कचे २० मिमी तुम्ही धरले, हेडसेटच्या (हेड ट्यूबमधल्या बेअरिंगच्या) खालच्या कपाचे १२ धरले नाहीत. ४४ मिमीच्या हेड ट्यूबमध्ये टेपर्ड फोर्कची खालची बेअरिंग आत मावत नाही, कप बाहेर येतो आणि तो साधारण १२ मिमी उंच असतो. तुमच्या आराखड्यात हेड ट्यूबच्या खालच्या कडेलाच क्राउन टेकलेला आहे. म्हणजे पुढचा भाग ३२ मिमीने लांबला.

आता आकडे घाला. ३२ × साइन ६९ (०.९३४) = ३० मिमी उभी वाढ. ३० भागिले ११०६ = ०.०२७, त्याला ५७.३ ने गुणलं की १.५५ अंश. हेड आणि सीट, दोन्ही कोन एवढ्यानेच पडतात, कारण अख्खी फ्रेम मागच्या ॲक्सलभोवती फिरते. बीबी वर जाते ती ३० × ४२७ ÷ ११०६ = साडेअकरा मिमी. तुमचं ३१२ इथूनच आलं. (४२७ म्हणजे चेनस्टेची आडवी लांबी, ४३० ही तिरकी.)

याच फिरण्याने रीच ६०० × ०.०२७ = १६ मिमीने कमी होऊन ४०४ झाला आणि स्टॅक ११ ने वाढून ६११ झाला. हे तुम्ही लिहिलं नाही, पण हँडलवर हात ठेवताच जाणवेल.

हेड ट्यूब कापू नका. खालून १२ मिमी कापले तर अर्ध्या अंशाहून थोडं जास्त परत मिळेल, हे खरं. पण ४२ मिमीची डाउन ट्यूब हेड ट्यूबला तिरकी भिडते, त्यामुळे ती ४७ मिमी जागा खाते. टॉप ट्यूब ३७ खाते. ११८ मधून ८४ गेले, उरले ३४. त्यातून आणखी १२ काढले तर वरची कड, खालची कड आणि दोन नळ्यांमधली बेचकी मिळून २२ मिमी राहतात. इंग्रजी आठच्या आकड्यासारखे वेढे त्या बेचकीतूनच जातात आणि सगळा भार तेच घेतात. जागा नसेल तर वेढे एकावर एक चढतात, खाली हवा अडकते आणि सांधा बाहेरून जाड दिसूनही आतून पोकळ राहतो.

दुसरं कारण त्याहून मोठं. कापल्यावर फोर्कचा क्राउन १२ मिमी वर येतो. क्राउनवर हवा भरायची टोपी आणि लॉकआउटचा (फोर्क दबणं बंद करायचा) खटका असतो. हँडल पूर्ण वळवलं की तो खटका डाउन ट्यूबला घासतो. स्टीलच्या फ्रेमवर पोचा पडून भागतं. बांबूवर तिथे वरची साल फुटते आणि चीर लांबीच्या दिशेने धावते. डाउन ट्यूबवर धाग्याची ५ मिमी जाडी चढणारच आहे, ती धरून आत्ताच हँडल दोन्हीकडे वळवून पाहा. निदान ६ मिमी अंतर हवं.

६९ च हवे असतील तर दोन सरळ रस्ते आहेत. बऱ्याच एअर फोर्कमध्ये आतली दांडी बदलून किंवा स्पेसर टाकून ट्रॅव्हल १०० करता येतो, फोर्कच्या माहितीपत्रकात पाहा. नाहीतर तिरका भोक असलेले हेडसेट कप येतात, ते एक-दीड अंश फिरवतात. पण माझ्या मते ६७.५ ला हात लावायची गरजच नाही.

बसल्यावर १२० चा फोर्क २५ मिमी दबेल. तेव्हा हेड अँगल ६८.७ होतो, सीट अँगल ७३.२ आणि बीबी ३०३ वर येते. ट्रेलही (वळण्याची रेषा जमिनीला टेकते तिथून चाक टेकतं तिथपर्यंतचं अंतर) काढून पाहा: (त्रिज्या × कोसाइन − ऑफसेट) ÷ साइन. ६७.५ ला ९७ मिमी येतो, बसल्यावर ८९. तुमच्या मूळ ६९ ला तो ८७ होता. म्हणजे माणूस बसल्यावर सायकल जवळजवळ तुम्ही काढलेल्या आराखड्यासारखीच वागणार आहे. १०० च्या फोर्कसह ६९ धरला असता तर बसल्यावर ती ७० ला उभी राहिली असती, आणि दगडातून उतरताना तेवढी उभी फोर्क नको असते. आराखडा नेहमी सॅग (माणूस बसल्यावर फोर्कचं दबणं) धरून काढावा आणि हातात असलेल्या फोर्कवर काढावा. यादीतल्या फोर्कवर काढला की असंच होतं.

---

चढण_चाळीसगाव

लेथभाऊंशी सहमत, हेड तसंच राहू द्या. दुरुस्ती करायची ती सीट ट्यूबची. बसल्यावर ७३.२ म्हणजे सपाटीवर ठीक. पण घाटाच्या चढावर फोर्क परत उघडतो, वजन मागे जातं आणि पुढचं चाक भरकटायला लागतं. सीट ट्यूब २ अंश पुढे आणा: उभी असताना ७४, बसल्यावर ७५ च्या जवळ.

हे काम वाटतं तेवढं मोठं नाही. बीबी शेल गोल आहे, त्यामुळे सीट ट्यूबच्या खालच्या टोकाचं खोबणीसारखं कापलेलं तोंड शेलभोवती तसंच फिरतं, ते नव्याने कापावं लागत नाही. फक्त डाउन ट्यूबशी होणारा कोन २ अंशांनी कमी होतो, तिथे दोन नळ्या एकमेकींना टेकत असतील तर कानशीचे चार हात मारा.

वरची बाजू अशी: टॉप ट्यूबचा सांधा बीबीपासून ४०० मिमीवर असेल तर २ अंशांत तो १४ मिमी पुढे येतो. म्हणजे टॉप ट्यूब १४ मिमी आखूड करायची. हे सोपं, कारण कापता येतं. उलटं असतं, म्हणजे नळी कमी पडली असती, तर नवीन बांबूच शोधावा लागला असता. फट रेझिन आणि भुशाने भरून काढायची नाही. दीड मिमीपर्यंतची फट भरणी सांभाळते, त्यापुढे सांधा धाग्यावर नाही तर भरणीवर उभा राहतो.

टॉप ट्यूब सीटच्या टोकाकडून कापा, हेडच्या टोकाला हात लावू नका. हेडकडचं तोंड आणि हेड ट्यूबचा कोन एकमेकांवर बेतलेले आहेत. ते बिघडलं तर जे जुळलंय तेही जाईल.

सीटस्टे मात्र नवीन लागतील. वरचं टोक १४ मिमी पुढे गेलं की ते साडेनऊ-दहा मिमी कमी पडतात.

या बदलाची किंमत हँडलपाशी चुकवावी लागते. आता उभी असताना सीट ते हँडल हे आडवं अंतर (रीच अधिक स्टॅक भागिले टॅन सीट अँगल) ६०२ आहे. सीट अँगल ७४ केला की ते ५७९ होतं. १७२ सेंमी उंचीला हे थोडं आखडून बसल्यासारखं वाटेल, म्हणून ४५ ऐवजी ६० किंवा ७० मिमीचा स्टेम (हँडल धरणारा तुकडा) लावा. ९७ मिमीच्या ट्रेलवर एवढा स्टेम चालतो, हँडल जड होत नाही.

सीटची उंची ८० × ०.८८३, म्हणजे बीबीपासून साधारण ७०६ मिमी. त्या उंचीवर २ अंश म्हणजे जवळजवळ २५ मिमी. हे सगळं करायचं नसेल तर मागे न झुकणारा सरळ सीटपोस्ट घेऊन सीट रुळांवर १५ मिमी पुढे सरकवा. निम्म्याहून जास्त काम होतं. पण टॅक अजून कच्चे आहेत, तर नीट करूनच घ्या.

---

मानवेल_धडगाव

दादा, कोन कशावर ठेवून मोजले ते आधी सांगा. ६७.५ हा आकडा जर डिजिटल गेज बांबूच्या सालीवर टेकवून आला असेल तर त्यावर एक मिमीही कापू नका.

बांबू सरळ नसतो आणि सारख्या जाडीचाही नसतो. बुडखा ते शेंडा असा ४५० मिमीत व्यास ३ मिमीने उतरत असेल तर साल ०.२ अंश खोटं दाखवते, ते सोडून देऊ. पण ६०० मिमीच्या नळीत मधोमध ६ मिमीचा बाक असेल तर टोकाजवळ ठेवलेला गेज २ अंशांहून जास्त चुकतो. मानवेलीला तर प्रत्येक गाठीवर थोडी मोड असतेच.

म्हणून हेड अँगल फोर्कच्या गुळगुळीत नळीवर मोजा, सीट अँगल सीट ट्यूबमध्ये पोस्ट २०० मिमी बाहेर ठेवून त्या पोस्टवर. बाकीच्या नळ्यांना दोन टोकांच्या मध्यबिंदूंमध्ये दोरा ताणा, तो दोरा म्हणजे तुमची नळी. फरशीवर विश्वास ठेवू नका. गवंड्याकडची पाण्याची लेव्हल नळी आणून दोन्ही चाकांच्या खालची पातळी एक करून घ्या. ११०० मिमीच्या अंतरात फरशी १० मिमी उतरती असली तरी अर्धा अंश गेला.

बाक असलेली नळी लावताना बाक फ्रेमच्या उभ्या पातळीत ठेवा, वर किंवा खाली. बाजूला काढला की फ्रेम पिळते. डाउन ट्यूबचा बाक खाली पोट असा ठेवला तर पुढच्या चाकाजवळची जागा जाते, तिथे वर ठेवा.

टॉप ट्यूब १४ मिमी कापताना गाठ कुठे येते ते पाहा. गाठ सांध्याच्या जवळ असावी, २० ते ४० मिमीवर, कारण तिथे आतला पडदा नळीला चेपू देत नाही. पण नेमकी कापलेल्या तोंडावर गाठ आली तर होल सॉ (गोल तोंड कापणारी करवत) चावतो आणि कडा फाटतात. कापण्याआधी त्या जागेवर मास्किंग टेपचे दोन वेढे द्या आणि ड्रिल सावकाश फिरवा. शेवटचे २ मिमी अर्धगोल कानशीने.

नवीन सीटस्टे घेताना जुन्या कापणीचेच घ्या. दिवाळीनंतर ते माघ महिन्यापर्यंत तोडलेला, ३ ते ५ वर्षांचा, सावलीत उभा वाळवलेला. पावसाळ्यात तोडलेल्यात साखर आणि पिठूळपणा जास्त राहतो. तो टाकणखार आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवलेला नसेल तर भुंगा लागतो आणि सांध्याच्या आत शिरतो. पिवळं पीठ पडायला लागेपर्यंत कळत नाही. शेतातला बांबू घेतला तर कागदाची कटकट नाही, २०१७ च्या कायदा दुरुस्तीने वनाबाहेरचा बांबू 'झाड' राहिलेला नाही. जंगलातला मात्र परवानगीशिवाय तोडू नये.

---

शहादा_ते_तोरणमाळ

मनापासून आभार. गेज सालीवरच ठेवला होता. आता फोर्कच्या नळीवर आणि पोस्टवर मोजलं: हेड ६७.४, सीट ७२.२. म्हणजे लेथभाऊंचा हिशोब तंतोतंत. हँडल वळवून पाहिलं, खटका आणि डाउन ट्यूबमध्ये ११ मिमी आहे, धागा चढल्यावर ६ राहील.

टॅक गरम हवेच्या बंदुकीने सोडवून सीट ट्यूब ७४ वर घेतो. आता मागच्या टायरचं सांगा. मागच्या चाकाचा हब १४२ × १२ (रुंदी × ॲक्सलची जाडी), बीबी शेल ७३ मिमी, चेनलाइन (फ्रेमच्या मध्यापासून चेनरिंगचं अंतर) ५२.

---

लेथ_आणि_कानस (जळगाव)

चेनस्टे लांब करून फार मिळत नाही, हे आधी पाहू. तुमच्या चेनस्टेचा मध्य बीबीपाशी फ्रेमच्या मधल्या रेषेपासून ३४ मिमीवर आणि ड्रॉपआउटपाशी (मागचं चाक जिथे बसतं) ६२ वर आहे असं धरलं, तर ४३० मिमीत तो २८ मिमी बाहेर जातो. दर १५ मिमीला फक्त १ मिमी. चेनस्टे ४४५ केले तरी टायरला दर बाजूला १ मिमीपेक्षा कमीच मिळेल.

खरी अडचण २० मिमीच्या जाडीची. बीबीच्या मध्यापासून ६७ मिमीवर ३२ दातांच्या चेनरिंगचे दात संपतात, तिथे बाहेरची बाजू मोकळी हवी. १०९ मिमीवर टायर सगळ्यात रुंद (५७ मिमी) असतो, तिथे आतली बाजू मोकळी हवी. या ४० मिमीच्या पट्ट्यात सरळ गोल २० मिमीची काठी बसतच नाही. आत सरकवा, टायर घासतो. बाहेर सरकवा, चेनरिंग घासते. कारखान्याच्या फ्रेममध्ये इथे नळी चेपलेली किंवा वाकवलेली असते, ती याचसाठी.

इथे चेनस्टे आडवे १५ मिमी करा, उभे २० तसेच ठेवा. म्हणजे बीबीपासून ४० ते १४० मिमीपर्यंत आतून-बाहेरून अडीच-अडीच मिमी तासायचे, दोन्ही टोकांना हळूहळू उतरत. १५ मिमी जाडी आणि ४४५ लांबी धरून टायरला दर बाजूला पावणेसहा मिमी आणि चेनरिंगला चार मिमी मिळतात. चेनरिंग ३० दातांची केली की दात ६३ मिमीवरच संपतात, तिथे आणखी सैल.

पण आपल्याकडची काळी माती पावणेसहा मिमीत ऐकत नाही. पाऊस पडून गेल्यावर कापसाच्या शेतरस्त्याने अर्धा किलोमीटर गेलं की चेनस्टेच्या बेचकीत गोळा होऊन चाक थांबतं, आणि त्यातले खडे बांबूची साल कानशीसारखी घासतात. मागे २.१ चा टायर लावा (५४ मिमी), दर बाजूला साडेसात मिमी होतात. आतल्या बाजूला टायरच्या समोर ८० मिमी लांबीचा पातळ स्टीलचा किंवा कार्बनचा पत्रा चिकटवा.

चेनस्टे ४४५ झाल्याने बीबीच्या उंचीत अर्धा मिमीही फरक पडत नाही, कोनांतही नाही. चढावर पुढचं चाक थोडं जास्त दबून राहील, ते हवंच आहे. सीटस्टे मात्र आणखी १० मिमी लांब लागतील. आधीचे १० आणि हे १० धरून जुन्यापेक्षा २० ने लांब कापा, मग तोंड जुळवत आणा.

नवीन बांबू कापण्याआधी पीव्हीसीचा नमुना करून पाहा. जळगावात काय, कुठल्याही गावात पाइपच्या दुकानात २०, ३२, ४० मिमी बाहेरच्या मापाचे तुकडे मिळतात. २० मिमीचे तुकडे चेनस्टे आणि सीटस्टेच्या जागी लावा, चाक, चेनरिंग, क्रँक, डिस्क सगळं बसवून फिरवा. क्रँकचा हात आणि टाच कुठे लागते तेही इथेच कळतं.

---

मानवेल_धडगाव

तासण्याबद्दल एक सावधगिरी. बांबूचं बळ सालीजवळ असतं, आत गर. सालीखालचे अडीच मिमी काढले म्हणजे सगळ्यात चांगला भाग काढला. म्हणून पोकळ बांबूवर हे करूच नये, भरीव मानवेलीवरच. आणि तासलेल्या पट्ट्यावर लांबीच्या दिशेने कार्बनच्या दोन पट्ट्या आतून, दोन बाहेरून, वर आडवे वेढे. पट्ट्या तासलेल्या भागाच्या दोन्ही बाजूंना ४० मिमी पुढे न्या. हे धरून जाडी परत १७ होते, हिशोबात घ्या. जमत असेल तर २० ऐवजी १८ मिमीचीच काठी निवडा, तासायचं कमी.

डावा चेनस्टे जास्त चांगला निवडा. डिस्क ब्रेकचा सगळा मार त्या बाजूला येतो.

---

चढण_चाळीसगाव

गुंडाळण्याआधी सरळपणा तपासून घ्या, कोनांपेक्षा हा जास्त त्रास देतो.

दोरा: एका ड्रॉपआउटपासून निघून हेड ट्यूबला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटला बांधा, ताणून. सीट ट्यूबपासून दोन्ही बाजूंच्या दोऱ्याचं अंतर मोजा, फरक १ मिमीच्या आत. इथेही सालीवर नको, पोस्ट किंवा पोस्टच्या बाहीच्या कडेपासून.

पीळ: हेड ट्यूबमध्ये एक मीटरची सरळ नळी घट्ट बसवा, सीट ट्यूबमध्ये दुसरी, आणि पुढून एका डोळ्याने पाहा. १ अंश पीळ असेल तर मीटरभर उंचीवर दोन नळ्या १७ मिमीने सुटलेल्या दिसतात. ३-४ मिमीपर्यंत ठीक. त्याहून जास्त असेल तर हात सोडून चालवताना सायकल एका बाजूला ओढेल.

मग क्रम: आधी बीबी, मग हेड, मग सीटचा सांधा, शेवटी ड्रॉपआउट. प्रत्येक सांध्याला डावीकडून जेवढे वेढे तेवढेच उजवीकडून. ओला धागा ताणला की सांधा त्या बाजूला ओढला जातो आणि सुकल्यावर तसाच राहतो. मागे १४२ चा खोटा ॲक्सल कसलेलाच ठेवा. बेचकीत जाडी ५-६ मिमी, नळीवर ५० मिमीपर्यंत उतरत शून्य. शेवटी काळी इलेक्ट्रिक टेप चिकट बाजू वर करून घट्ट गुंडाळा आणि टाचणीने भोकं पाडा, जादा रेझिन बाहेर येतं.

हेड ट्यूब आणि बीबी ॲल्युमिनियमचे असतील तर ८० नंबरच्या कागदाने घासून, ॲसिटोनने पुसून तासाभरात रेझिन लावा. आणि कार्बन त्यावर थेट टेकवू नका, मध्ये काचेच्या कापडाचा एक थर द्या. घामाने, पाण्याने कार्बन आणि ॲल्युमिनियममध्ये गंज सुरू होतो आणि दोन वर्षांत शेल हलायला लागतं.

---

शहादा_ते_तोरणमाळ

रावेरकडून केळीच्या खोडाचा धागा मिळतोय, कार्बनऐवजी चालेल का? आणि इथे दुपारी ४२ अंश आहेत, गुंडाळायला थांबू का?

---

लेथ_आणि_कानस (जळगाव)

केळीचा धागा आपल्याच मातीतला, वापरावासा वाटतो हे समजतं. पण त्याची जाडी आणि ताकद धाग्याधाग्यात बदलते आणि तो पाणी ओढतो. भार घेणाऱ्या थरात नको. शेवटचा, दिसणारा थर त्याचा द्या, छान दिसतो.

गुंडाळायचं पहाटे पाच ते आठ. तापमान १० अंशांनी वाढलं की रेझिन घट्ट व्हायचा वेळ साधारण निम्मा होतो. ३० ला ४० मिनिटं देणारं ४२ ला पंधरा-वीसच देईल. एका वेळी ४०-५० ग्रॅमच कालवा आणि खोल कपात नाही, ताटलीत पसरून. कपात १५० ग्रॅम ठेवलं की स्वतःच्याच उष्णतेने उकळतं, धूर निघतो. रेझिन आणि हार्डनर वजनकाट्यावर, अंदाजाने नाही.

खानदेशात दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. घरच्या तापमानाला सुकलेलं साधं इपॉक्सी ५०-६० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. मे महिन्यात भुसावळ-जळगावच्या उन्हात काळा कार्बनचा सांधा ६५ च्या वर सहज जातो. तेव्हा ब्रेक दाबला की सांधा किंचित सरकतो आणि दोन महिन्यांत तुमचे ६७.५ आणि ७४ कुठल्या कुठे जातात. म्हणून २४ तास सुकल्यावर फ्रेम जिगमध्येच कसून पत्र्याच्या पेटीत ठेवा, ४० ला २ तास, ५० ला २ तास, ६० ला ८ तास, आत थर्मामीटर. नेमकं वेळापत्रक रेझिनच्या माहितीपत्रकात असतं, ते पाळा. पेटीत घालण्याआधी बांबूवर पातळ रेझिनचा किंवा पीयू वार्निशचा हात फिरवलेला हवा आणि आतल्या पडद्यांना सळईने भोक पाडलेलं हवं, नाहीतर कोरड्या उष्णतेत नळी उभी तडकते. शेवटी सांध्यांना पांढरा किंवा फिका रंग द्या.

---

मानवेल_धडगाव

आणि पेटीतून काढल्यावर थंड होऊ द्या, मग जिग सोडा. गरम असताना सोडली तर तिथेच पिळेल.

पहिल्या १०० किलोमीटरमध्ये दर वेळी परतल्यावर सांध्यांवर नाण्याने टकटक करून आवाज ऐका. कडक 'टण' आवाज ठीक, एखाद्या ठिकाणी 'थप' आला तर तिथे थर सुटलाय. बीबीच्या मागची बेचकी आणि डाउन ट्यूबचा हेडकडचा खालचा भाग आधी तपासा. हेड अँगलही त्याच वेळी फोर्कच्या नळीवर परत मोजा आणि लिहून ठेवा. अर्ध्या अंशाने जरी पडलेला दिसला तर सायकल उतारावर नेऊ नका, हेडचा सांधा उघडून पाहा.